बीपीच्या गोळ्या, नळाचा दिवस आणि ब्रँचची वेळ : सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका दवाखान्याचं प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात एका धर्मादाय ट्रस्टचा दवाखाना आहे. आसपासची वस्ती मुख्यतः तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाची. घरातले पुरुष यंत्रमागावर, बाया दारात सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. दवाखान्यात एक डॉक्टर, एक नर्स, एक कंपाउंडर आणि केसपेपरच्या खिडकीवर एक मुलगी. औषधं नाममात्र दरात मिळतात, डॉक्टर चांगले आहेत, आणि लोकांचा दवाखान्यावर विश्वास आहे. तरीही रक्तदाब आणि साखरेचे रुग्ण टिकत नव्हते. गोळ्या सुरू व्हायच्या, दोन-तीन महिने बाई यायची, मग दिसेनाशी व्हायची. पुन्हा यायची ती चक्कर येऊन पडल्यावर, किंवा एखादीच्या बाबतीत अर्धं अंग लुळं पडल्यावर घरचे घेऊन यायचे.

ट्रस्टच्या मंडळाला याचं कारण माहीत आहे असं वाटत होतं. रुग्णांना आजाराचं गांभीर्य कळत नाही, म्हणून जनजागृती हवी. एका देणगीदाराने मोबाइल ॲपसाठी पैसे द्यायची तयारी दाखवली होती. तारीख जवळ आली की ॲपवरून रुग्णाला संदेश जाणार. दुसरा प्रस्ताव होता अर्धवेळ आणखी एक डॉक्टर नेमण्याचा. यांपैकी काय निवडावं, एवढंच ठरवायला त्यांनी आम्हाला बोलावलं. 'आम्ही' म्हणजे मी आणि रांगांची, वेळापत्रकांची गणिती प्रतिमानं (मॉडेल) करणारा माझा एक सहकारी. माझं काम सेवा कशी चालते आणि ती घेणाऱ्याला कशी वाटते हे पाहून ती नव्याने बेतण्याचं.

आम्ही मंडळाकडे एकच मागणी केली : निवड थोडी थांबवा आणि आधी सगळ्यांनी मिळून एक चित्र काढू या.

चित्र या शब्दामागे एक परंपरा आहे. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात पीटर चेकलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून अशा प्रश्नांवर काम केलं, जिथे नेमकं काय बिघडलंय यावरच माणसांचं एकमत नसतं. पूल बांधायचा असेल तर पूल कशाला हवा हे ठरलेलं असतं. दवाखाना, शाळा, पतसंस्था यांच्या बाबतीत तसं नसतं. प्रत्येकाच्या डोक्यात त्या संस्थेचं वेगळं रूप असतं, आणि प्रत्येकजण आपल्या रूपाप्रमाणे उपाय सुचवतो. चेकलँड यांची पद्धत सांगते की आधी सगळी परिस्थिती एका मोठ्या कागदावर ओबडधोबड रेखाटा. माणसं, त्यांची काळजी, भांडणं, पैशाची वाट, सत्ता कुणाकडे, सगळं त्यात यायला हवं. मग निरनिराळ्या नजरांनी त्याची प्रतिमानं बनवा आणि ती प्रत्यक्षाशी ताडून पाहा. प्रतिमान म्हणजे जगाची हुबेहूब नक्कल, असा दावा इथे नाही. ज्यावर बोट ठेवून माणसं एकमेकांशी नीट वाद घालू शकतील अशी ती एक वस्तू असते. मला ही पद्धत आवडते, कारण ती हुशार माणसाला एकट्याने हुशारी करू देत नाही.

पहिल्या बैठकीला मंडळाचे तीन सदस्य, डॉक्टर, नर्स आणि कंपाउंडर आले. रुग्ण कुणीच नव्हता. त्या कागदावर डॉक्टरांची खोली मधोमध आली, आणि रुग्ण कडेला, बाणाच्या टोकाशी, सगळे एकसारखे. हा कागद आम्ही जपून ठेवला.

दुसरा कागद वस्तीतल्या समाजमंदिरात काढला. दहा-बारा बाया आल्या, पण विड्यांचं सामान घेऊनच. कात्री चालू ठेवूनच त्या बोलत होत्या. तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर ठेवायचं, कडेने कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. हजार विड्या म्हणजे चाळीस कट्टे. हात बसलेल्या बाईलाही हजाराला आठ-दहा तास लागतात. मजुरी विड्यांवर, तासावर नाही. कारखान्याच्या छपराखाली चालणारं हे काम फार पूर्वी घरात आलं. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यातही घरी बसून वळणाऱ्या कामगाराचा विचार होता. पान-तंबाखू ब्रँचमधून, म्हणजे विडी कारखान्याच्या वस्तीतल्या केंद्रातून आणायची, वळलेल्या विड्या ब्रँचला नेऊन द्यायच्या, तिथे त्या तपासल्या जातात आणि खराब वाटलेल्या छाट म्हणून बाजूला पडतात.

कागदाच्या मध्यभागी काय काढायचं, असं विचारल्यावर बायांनी दवाखाना सांगितलाच नाही. एकीने ब्रँच काढायला लावली. दुसरी म्हणाली, नळ काढा. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. उजनी धरणावरून शंभरएक किलोमीटरची जलवाहिनी असूनही कित्येक वर्षं शहरात चार-पाच दिवसांआड पाणी येत आलं आहे. आपल्या गल्लीची पाळी असेल त्या दिवशी बाई घर सोडत नाही. बॅरल, हंडे, टाकी, जे असेल ते भरून घ्यायचं.

"तारीख दिली डॉक्टरनी, त्याच दिवशी नळ आलं तर काय करायचं सांगा की," असं एक अक्का म्हणाल्या. "गोळी एक दिवस चुकंल, पाणी चुकून कसं चालंल?"

दवाखान्यातली तारीख सरळ महिन्याने पडायची. 5 तारखेला आली, पुढची 5 तारीख. पाण्याची पाळी दर वेळी पुढे सरकत जाते. ज्या बाईच्या दोन तारखा लागोपाठ नळाच्या दिवशी पडल्या, तिला दवाखान्याच्या वहीत 'अनियमित' असा शिक्का बसत होता.

त्याच बैठकीत खर्चाचं माप सापडलं. दवाखान्यात किती वेळ जातो, असं आम्ही विचारत होतो आणि उत्तरं गोल येत होती : बराच, पुष्कळ, अर्धा दिवस. नर्सने प्रश्न बदलला. तिने विचारलं, दवाखान्यात गेलं की किती कट्टे जातात? लगेच उत्तर आलं : आठ. दोन तास थांबणं म्हणजे आठ कट्टे, येण्याजाण्याचे वेगळे. पुढे आमच्या सगळ्या गणितात थांबण्याची किंमत कट्ट्यांतच मोजली गेली. मंडळासमोर 'सरासरी प्रतीक्षा कालावधी' असं म्हटलं असतं तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. 'तुमची स्वस्त तपासणी बाईला आठ कट्ट्यांना पडते' हे ऐकल्यावर सूत व्यापारात हयात गेलेले ज्येष्ठ विश्वस्त पुढे सरकून बसले. त्यांना हिशेब कळतो.

आता रांगेकडे. दवाखान्याची वेळ सकाळी नऊ ते एक. या भागात विड्या ब्रँचला देऊन बाया अकराच्या सुमाराला मोकळ्या होतात. म्हणजे नऊ ते अकरा डॉक्टर तुरळक रुग्ण तपासत असतात आणि अकरानंतर बाकं भरतात. अमेरिकेतले जॉन लिटल यांनी 1961 मध्ये एका नियमाची सिद्धता दिली. कोणत्याही स्थिर रांगेत सरासरी किती माणसं आहेत, हे दर तासाला किती येतात आणि प्रत्येकजण सरासरी किती वेळ थांबतो, यांच्या गुणाकाराइतकं असतं. तासाला पंधरा जणी येत असतील आणि प्रत्येकीचे दोन तास जात असतील, तर आत कायम तीसजणी. बाकं वाढवून हा आकडा बदलत नाही. एकतर येणं पसरवायला हवं, नाहीतर प्रत्येकीचा वेळ कमी करायला हवा.

येणं पसरवण्याची कल्पनाही जुनी आहे. ब्रिटनमध्ये नॉर्मन बेली यांनी 1952 मध्ये रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागातल्या रांगांचा अभ्यास मांडला. डॉक्टर रिकामे बसण्याचा वेळ आणि रुग्णांनी थांबण्याचा वेळ यांचा तोल कसा साधावा, याचं ते गणित आहे. सुरुवातीला दोन-एक रुग्ण हजर असावेत आणि पुढचे ठरावीक अंतराने यावेत, असा त्याचा गाभा. पूर्व भागात याला अडचण होती ती ब्रँचच्या घड्याळाची. साडेनऊची वेळ दिली तर बाईचा हिशेबच चुकतो, कारण आदल्या दिवसाच्या विड्या द्यायच्या राहतात आणि आजची पान-तंबाखू मिळत नाही. वेळापत्रक बदलायचं तर दवाखान्याने बदलायला हवं, हे इथे पहिल्यांदा स्पष्ट झालं.

पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. ती माझ्या सहकाऱ्याने फळ्यावर एका गोल बाणाने दाखवली. बाई महिना चुकली की बीपी चढतं. चढलेलं बीपी घेऊन आली की डॉक्टरांना जास्त वेळ लागतो. औषध बदलायचं, समजवायचं, कधी ईसीजी. त्यामुळे रांग लांबते. रांग लांबली की ज्या नियमित येतात त्यांचे कट्टे जास्त जातात, आणि त्यांतल्या काहीजणी पुढच्या महिन्याला येत नाहीत. म्हणजे रांगच नवे चुकलेले रुग्ण तयार करत होती. ज्या बाईचं बीपी सहा महिने व्यवस्थित आहे, तीही दर महिन्याला त्याच रांगेत बसून, डॉक्टरांकडून "चालू ठेवा" एवढं ऐकून, त्याच गोळ्या घेऊन जात होती. चांगल्या रुग्णाला शिक्षा होत होती.

दुसरा डॉक्टर नेमला असता तर? प्रतिमानात घालून पाहिलं. रांग उतरते, हे खरं. पण नळाचा दिवस आणि ब्रँचची वेळ तिथेच राहतात, आणि स्थिर रुग्ण डॉक्टरांच्याच दाराशी राहतात. काही महिन्यांत रांग पुन्हा भरते. ॲपबद्दल तर फार बोलावं लागलं नाही. घरात स्मार्टफोन एक, तोही मुलाकडे, आणि मुलगा मागावर. संदेश वेळेवर पोचला तरी तो बाईला पाण्याच्या दिवशी घर सोडायला लावणार नव्हता.

इथवर काम गणिताने केलं होतं. मला मात्र या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग कंपाउंडरकाकांचा वाटतो.

काकांना हा सगळा प्रकार रुचला नव्हता. ते कित्येक वर्षं त्या दवाखान्यात आहेत. कोण कुणाची सून, कुणाला साध्या गोळीने पित्त होतं, कोण उधारी ठेवतं आणि कोण मरेल पण ठेवणार नाही, हे त्यांच्या डोक्यात. रांगेत कुणाला आधी सोडायचं हेही तेच ठरवायचे. बदल म्हणजे आपल्या हातातलं काढून घेणं, असं त्यांना वाटत होतं. संस्था बदलण्याच्या कामात अशा माणसाला 'अडथळा' म्हणण्याची घाई होते. मला ते मान्य नाही. ज्याच्याकडे इतकी माहिती आहे तो अडत असेल, तर आपल्या आराखड्यात काहीतरी सुटलं आहे असं धरून चालावं.

आम्ही संगणकावरचं प्रतिमान बाजूला ठेवलं आणि औषधाच्या खोलीतल्या टेबलावर खडूने दवाखाना आखला : केसपेपरची खिडकी, बाक, नर्सचं टेबल, डॉक्टर, औषधं. शर्टाची बटणं म्हणजे रुग्ण. पांढरं बटण बीपी, निळं साखर, लाल तापासारखा अचानक आलेला आजार. एक माणूस घड्याळ सांगणार, बाकीचे बटणं हलवणार. नर्स, डॉक्टर, दोन विडी कामगार बाया आणि काका असे सगळे टेबलाभोवती. साडेअकरा वाजले असं मी सांगितलं तेव्हा काकांनी काही न बोलता दोन पांढरी बटणं उचलली आणि एकमेकांना चिकटवून ठेवली.

"ह्या सुट्या येत नाहीत," ते म्हणाले. "ह्या जोडीनं येतात. एकीचा नंबर झाला तरी दुसरीचं होईपर्यंत ती जात नाही."

बाया लगेच बोलू लागल्या. शेजारणी मिळूनच येतात. घराकडे, लहान मुलांकडे बघायला एखादी सासू तेवढा वेळच मिळते, रिक्षा केली तर भाडं निम्मं होतं, आणि एकटीने दवाखान्यात जाणं बऱ्याच घरांत बरं दिसत नाही. आमच्या गणितात प्रत्येक बाई स्वतंत्र येत होती. प्रत्यक्षात एका जोडीतल्या दोघींचे नंबर लांब असले, तर दोघींचेही कट्टे दुसरीच्या वेळेइतके जात होते. काकांना हे माहीत होतं. म्हणूनच ते कधी कधी मागच्या नंबराच्या बाईला पुढे सोडत, आणि इतरांना तो वशिला वाटे. त्या दिवसापासून काका या कामात आमच्या पुढे होते.

कामगारांना सोबत घेऊन साधनं आणि पद्धती घडवण्याची ही रीत नवी नाही. नॉर्वेत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केलं. कारखान्यात संगणक येणार तर त्याबद्दल कामगारांनाही बोलता यावं, आपली मागणी मांडता यावी, हा त्यामागचा विचार. तिथून वापरणाऱ्याला सहभागी करून रचना करण्याची एक मोठी परंपरा उभी राहिली. आज वापरकर्ता-केंद्री रचनेचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे, आयएसओ 9241 चा 210 वा भाग, 2010 मध्ये आलेला. वापरणाऱ्यांना रचनेत सुरुवातीपासून अखेरपर्यंत सामील करा आणि करून पाहून, सुधारून पुन्हा करा, असं ते सांगतं. सोलापूर हे गिरण्यांचं आणि कामगार चळवळीचं गाव. 'आम्हाला विचारल्याशिवाय ठरवू नका' हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. विचारणाऱ्याने फक्त खरंच विचारायला हवं.

टेबलावरच्या खेळातून तीन बदल निघाले.

पहिला, स्थिर रुग्णांची वाट वेगळी. डॉक्टरांना यात धोका दिसत होता आणि त्यांची शंका योग्य होती. न तपासता गोळ्या द्यायच्या तर जबाबदारी कुणाची? त्यांचं समाधान करायला देशातच उदाहरण होतं. 2017 मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. ठरलेली साधी उपचारपद्धती, घराजवळ औषध, एका वेळी किमान 30 दिवसांच्या गोळ्या आणि डॉक्टरांबरोबर नर्स व इतर कर्मचाऱ्यांनी वाटून घेतलेलं काम, ही त्याची मुख्य अंगं. त्या धर्तीवर डॉक्टरांनी स्वतः नियम लिहिला. लागोपाठच्या भेटींत बीपी 140/90 च्या खाली असेल, तर नर्स बीपी मोजेल, ठरलेले प्रश्न विचारेल आणि डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेल्या चिठ्ठीवर काका गोळ्या देतील. आकडा वर गेला, छातीत दुखलं, पायाला सूज आली, गरोदरपणाची शक्यता असली, तर थेट डॉक्टर. नियम डॉक्टरांच्या अक्षरात भिंतीवर लागला. नर्सला जी मान्यता आधी मनातून होती ती आता कागदावर आली. रुग्ण तिला 'सिस्टर' म्हणायचे तेच म्हणत राहिले, पण प्रश्न तिला विचारू लागले.

दुसरा, तारखेऐवजी आठवडा. कार्डावर एक दिवस न लिहिता सलग सात दिवसांची पट्टी रंगवायची. त्यात नळाचा दिवस येऊन गेला तरी बाकीचे दिवस उरतात. गोळ्या मात्र त्या पट्टीच्या शेवटापर्यंत पुरतील अशा जास्तीच्या द्यायच्या. हे सुचवलं केसपेपरच्या खिडकीवरच्या मुलीने. बदलून दिलेल्या तारखांवरून रोज होणारी भांडणं तिच्याच खिडकीवर होत होती.

तिसरा, जोडकार्ड. ज्या दोघी मिळून येतात त्यांचे नंबर लागोपाठ. कोण कुणाची जोडी, याची नोंद काकांच्या हातात.

दवाखान्याची वेळही सरकली. आठवड्यातले दोन दिवस अकरा ते तीन.

कार्डाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण चांगल्या हेतूने काढलेलं चित्र कुठे अडतं ते तिथे दिसलं. बऱ्याच बायांना मराठी वाचता येत नाही, काहींना तेलुगू येते, काहींना कुठलंच नाही. म्हणून पहिल्या नमुन्यात बीपी आटोक्यात असेल तर हसरं तोंड आणि चढलेलं असेल तर रडकं तोंड छापलं होतं. चार बायांना आठवडाभर वापरायला दिलं. एकीने ते परत आणून नर्सच्या टेबलावर पालथं ठेवलं. कार्ड देवघराशेजारी खिळ्याला अडकवलेलं असतं, येणारा-जाणारा बघतो. मुलीची सोयरीक चालू आहे. घरात आजार आहे असं पाहुण्यांना दिसलं तर? आकड्यांना कुणी भीत नव्हतं. रडक्या तोंडाला भीत होते. पुढच्या नमुन्यात तोंडं गेली. कार्डाच्या आतल्या बाजूला फक्त आकडा, बाहेर महिन्याची पट्टी आणि मार्कंडेय मंदिराचं रेखाचित्र. ते खिळ्यावर राहिलं. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या आठवड्याची पट्टी दवाखाना आता आधीच पुढे सरकवून देतो. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या वेळीही तसंच.

गोळी कधी घ्यायची, हाही असाच प्रश्न. 'सकाळी नाश्त्यानंतर' असं पाकिटावर छापलेलं असायचं. या घरांत सकाळी नाश्ता नसतो. चहा असतो आणि ब्रँचची घाई. शिवाय दिवसभर हाताला तंबाखूची भुकटी, त्या हाताने गोळी तोंडात टाकायला बाया तयार नसतात, आणि ते बरोबरच आहे. मग दिवसातला असा कोणता क्षण आहे जेव्हा हात धुतलेले असतात आणि काम कधीच चुकत नाही? उत्तर बायांनीच दिलं : संध्याकाळी पान भिजवताना. दुसऱ्या दिवसाची पानं रात्री ओल्या फडक्यात बांधून ठेवल्याशिवाय ती मऊ पडत नाहीत, कापताना फाटतात. ते काम कितीही ताप असला तरी होतं. बीपीची दिवसातून एकदाच घ्यायची गोळी संध्याकाळी घेतली तरी चालते, फक्त वेळ रोज तीच हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं. जेवणाबरोबरच घ्यावी लागणारी साखरेची गोळी जेवणाशीच राहिली. बीपीच्या गोळीचा डबा मात्र पान भिजवण्याच्या बादलीच्या वर, फळीवर गेला. मिठाचं जरा अवघड आहे. कडक भाकरी आणि शेंगा चटणीच्या गावात 'मीठ कमी करा' हे वाक्य हवेत विरतं. नर्स आता चटणीत मीठ घालण्याआधी वाटीभर बाजूला काढून ठेवायला सांगते. काही घरांत ते होतं.

मंडळाच्या बैठकीत सगळ्यात जास्त वाद झाला तो पैशावर. स्थिर रुग्णाला दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या तर केसपेपर निम्मे होतात, आणि केसपेपरच्या रकमेतूनच वीजबिल आणि खिडकीवरच्या मुलीचा पगार निघतो. हा मुद्दा पहिल्या कागदावर कुठेच नव्हता, कारण तो कुणी उघड बोलत नव्हतं. दवाखान्याचा उद्देश रुग्ण बरा ठेवणं, आणि मिळकत मात्र रुग्णाच्या फेऱ्यांवर. चेकलँड यांच्या पद्धतीत संस्था कुणासाठी, कोणत्या नजरेने, कुणाच्या मालकीने चालते, हे एका वाक्यात लिहायला लावतात. मंडळाच्या सदस्यांनी प्रत्येकाने आपापलं वाक्य लिहिलं. एकाने लिहिलं, 'गरिबांना स्वस्तात तपासणी देणारी संस्था.' दुसऱ्याने, 'विडी कामगार बाईला कामावर टिकवणारी संस्था.' दोन्ही वाक्यं प्रामाणिक होती आणि दोन्हींतून वेगळा दवाखाना निघतो. पहिल्यात फेऱ्या वाढणं हे यश, दुसऱ्यात ते अपयश. बराच वेळ गेल्यावर ज्येष्ठ विश्वस्तांनी दुसरं वाक्य धरलं आणि केसपेपरऐवजी वर्षाचं कार्ड, एकदाच पैसे, असा ठराव मांडला. ॲपसाठी पैसे देणाऱ्या देणगीदाराला पहिल्या वर्षाची तूट भरून काढण्याची विनंती झाली, ती त्यांनी मान्य केली.

त्याच बैठकीत नर्सने आणखी एक मागणी ठेवली. टेबलाभोवती बटणं हलवणाऱ्या दोन बायांना दर तिमाहीच्या आढाव्याला बोलवावं आणि त्या दिवसाच्या बुडालेल्या विड्यांची मजुरी द्यावी. मजुरीवर एका सदस्याने आक्षेप घेतला : सेवाकार्याला मोबदला कसला? नर्सने उलट विचारलं की तुम्ही दुकान बंद ठेवून आलात का. ठराव झाला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात संस्था खऱ्या अर्थाने बदलली ती इथे. रांग पुन्हा लांबू शकते, कार्ड पुन्हा चुकू शकतं, पण ते चुकलं हे सांगायला आता खोलीत कुणीतरी आहे आणि तिचं येणं कुणाच्या मेहेरबानीवर नाही.

घरांतही थोडं हललं. दवाखान्याच्या भिंतीवर काकांनी एक तक्ता लावला आहे, त्यावर सरासरी थांबण्याचा वेळ कट्ट्यांत लिहिलेला असतो. आठ होते, आता बहुतेक दिवशी दोन-तीन असतात. एका सुनेने सांगितलं की सासऱ्यांनी तो आकडा वाचला आणि 'दोनच कट्टे जातात तर दोघी जाऊन या' असं म्हणाले. सासू आधी चक्कर येत असली तरी सांगत नव्हती, कारण दवाखाना म्हणजे घरच्या कमाईतले आठ कट्टे हे तिलाच सगळ्यात आधी दिसत होतं.

काही गोष्टी जमलेल्या नाहीत. पूर्व भागातली बरीच कुटुंबं शहराबाहेर कुंभारीला राहायला गेली आहेत. 2006 मध्ये तिथे विडी कामगार महिलांच्या दहा हजार घरांची गोदुताई परुळेकर वसाहत उभी राहिली, आणि तिथल्याच रे नगर या नव्या वसाहतीतल्या घरांचा पहिला टप्पा, पंधरा हजार घरं, जानेवारी 2024 मध्ये लोकांच्या हाती आला. दवाखान्याच्या वहीत 'बंद' म्हणून नोंदलेली काही नावं प्रत्यक्षात तिथे आहेत. घर स्वतःचं झालं, दवाखाना लांब पडला. आमच्या प्रतिमानाची हद्द वस्तीच्या रस्त्यावर संपत होती, ती आता कुंभारीपर्यंत न्यावी लागते आहे. तिथे आठवड्यातून एकदा नर्स आणि काकांनी बसावं असा विचार चालू आहे. तिथल्या बायांनी आधीच बजावलं आहे की इथली ब्रँच वेगळी, पाण्याची पाळी वेगळी, तेव्हा शहरातलं कार्ड तसंच आणू नका. नवा कागद तिथे काढायचं ठरलं आहे.

आणि पुरुष तर अजून चित्रातच नाहीत. यंत्रमाग कामगाराचं बीपी बायकोपेक्षा कमी नसतं, पण त्याची पाळी लांब, आणि दवाखान्याच्या कुठल्याच वेळेत तो मोकळा नसतो. नर्सने सुचवलंय की पाळी बदलते त्या अर्ध्या तासात कारखान्याच्या फाटकावर बीपीचं यंत्र घेऊन उभं राहावं. डॉक्टरांना ते पटलं आहे, आता प्रश्न कारखानदारांनी परवानगी देण्याचा आहे. त्या बैठकीला माग चालवणारे दोघे-तिघे आणि एखादा जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम हवाच, अशी अट काकांनी घातली आहे.